डिस्कचा पहिला सेक्टर मी घेतला नाही

आमच्या घरी हातमाग दोन होते. एकावर बाबा विणत आणि दुसऱ्यावर आम्ही कपडे वाळत घालायचो. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं मोहाडीकडचं गाव भंडाऱ्यातच राहिलं, पण काम मात्र कुठेच राहिलं नाही. सोसायटीत सूत आलं तर माग चालायचा, नाही आलं तर बाबा ओट्यावर बसून रस्ता पाहायचे. पावरलूमचं लुगडं बाजारात आलं, आणि आमच्या काठाचं लुगडं घेणाऱ्या बायकाही हात फिरवून, "सुंदर आहे वं," म्हणून पुढे जायला लागल्या.

धानाच्या हंगामात बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जात. परत येत तेव्हा बोटं सुजलेली असत. अशा बोटांनी तुटलेला धागा सांधता येत नाही. मग चार दिवस सूत असूनही माग बंद. माय दारात बसून सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळायची. घरातला बोलण्याचा आवाज कमी आणि कात्रीचा आवाज जास्त, असे ते दिवस होते.

त्यात मी कॉलेजला जात होते. गल्लीत सगळ्यांना त्याचीच पोटदुखी. आमच्या शेजारची काकू एकदा मायला माझ्यासमोरच म्हणाली, "पोट्टीले कायले शिकवून राहिली वं बाई? शिकून का हेलिकॉप्टर उडवणार हाय?"

माय मान वर न करता म्हणाली, "उडवन तं तुह्या छपरावरूनच उडवन. कवेलू धरून ठेव."

मी बीएस्सी झाले. माझ्याआधी आमच्या घरातून कोणी कॉलेजच्या फाटकाच्या आत गेलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही आणि कोणी हळहळावं म्हणूनही सांगत नाही. घडलं ते असं घडलं.

पदवी हातात आली आणि मी तुमसरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लास म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून संगणकांची रांग, आणि पुढे काचेच्या काउंटरमागे मालक. त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणे. क्लासपेक्षा त्यांचा जीव लग्नपत्रिकांच्या धंद्यात जास्त. सिहोऱ्यापासून बपेऱ्यापर्यंतची लग्नं त्यांच्या काउंटरवरून जायची. बपेऱ्याच्या पुढे मध्यप्रदेश लागतो, त्यामुळे एकाच लग्नाची पत्रिका मुलीकडून मराठीत आणि मुलाकडून हिंदीत असं नेहमीच. दोन्हींत मामांची नावं चुकली की मामा स्वतः दुकानात येत.

तिथे असतानाच भंडाऱ्याच्या एका कॉलेजची जाहिरात पाहिली. संगणक प्रयोगशाळेत सहायक पाहिजे होता. लेखी परीक्षा नाही, प्रात्यक्षिक होतं: विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स बसवून दाखवायचं, म्हणजे बटन दाबल्यावर दोन्हींपैकी हवं ते सुरू झालं पाहिजे. मी लिनक्स हे नाव वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. माझ्याकडे संगणकही नव्हता. पण ती नोकरी मला पाहिजे होती. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी घरात पगार येणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ते मला आणून दाखवायचं होतं. दुसरी कुठली वाट मला दिसत नव्हती, आणि हात जोडून कोणाकडे शिफारशीची चिठ्ठी मागायची माझी तयारी नव्हती.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे एका संगणक मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळाल्या. त्या घेऊन मी काकाजींसमोर उभी राहिले.

"काकाजी, कोपऱ्यातल्या मशीनवर हे टाकून पाहू का? डी ड्राइव्ह रिकामीच हाय."

काकाजींनी सीडी उलटसुलट पाहिली. "हे का होय?"

"दुसरी सिस्टीम. विंडोज तशीच राहील, बाजूले ही."

"अन् पत्रिकेचे फॉन्ट?"

"त्याले हात नाही लावत."

"पाय बाई," काकाजी चष्मा काढून म्हणाले, "लगनसराई तोंडावर हाय. माह्या मशीनचं बटन दाबलं का माही विंडोज दिसली पायजे. मी दाबो, का माही बायको दाबो, का पत्रिकावाला मामा दाबो. मधात काही काळं पडदं-बिडदं दिसलं अन् अक्षरं पळाले, तं तू अन् तुही सीडी दोघी घरी जान. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

आता जे पुढे झालं ते समजायला एक गोष्ट सांगावी लागते. संगणक चालू केला की तो आधी डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्याकडे, म्हणजे पहिल्या सेक्टरकडे जातो. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. जागा इवलीशी, पण मशीनवरची कुठलीही सिस्टीम सुरू व्हायची ती तिथे लिहिलेल्या हुकमाने. विंडोज आधीपासून असेल तर ती जागा विंडोजची. लिनक्स बसवताना शेवटी एक पडदा येतो आणि विचारतो: लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, कुठे ठेवू? डिस्कच्या त्या पहिल्या तुकड्यात, की लिनक्सला दिलेल्या विभागाच्या, म्हणजे इथे डी ड्राइव्हच्या, सुरुवातीला? पहिल्या पर्यायावर आधीच खूण केलेली असते. बहुतेक लोक न वाचता पुढे जातात.

मी वाचलं, आणि दुसरा पर्याय निवडला.

काकाजींची अट होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. आमच्याकडे मागावरचा ताना, म्हणजे उभे धागे, संपत आला तरी तो कोणी कापून फेकत नाही. विणलेलं काढून घेतात, आणि मागाच्या फणीत ओवलेली जुन्या धाग्यांची टोकं हातभर तशीच ठेवतात. नवा ताना आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला राख लावून, पीळ देऊन सांधतात. टोकं काढली तर पूर्ण ताना नव्याने ओवावा लागतो. सूत नसलं, महिने गेले, तरी आमच्या घरातली फणी कधी रिकामी नसायची. लहानपणी खेळताना त्या टोकांना हात लागला तर पाठीत धपाटा बसायचा. जे आधीपासून ओवलेलं आहे ते काढायचं नाही, हे माझ्या हाडात होतं. हात आपोआप दुसऱ्या पर्यायावर गेला.

सीडी बाहेर आली, मशीन पुन्हा सुरू झाली आणि थेट विंडोज उघडली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. विंडोजच. लिनक्स डिस्कवर पूर्ण बसलेलं होतं, पण तिथे जायला रस्ताच नव्हता. विंडोजच्या हुकमात लिनक्सचं नाव कोण लिहिणार?

काकाजी खूश. "शाबास! काहीच फरक नाही पडला."

त्याच आठवड्यात नागपूरहून हार्डवेअरवाला आला. दुकानातल्या मशीन तोच दुरुस्त करायचा. काकाजी त्याला इंजिनिअरसाहेब म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. त्याने कोपऱ्यातली मशीन पाहिली, भंडाऱ्याच्या परीक्षेसकट सगळं ऐकलं आणि खुर्चीवर मागे रेलून हसला.

"मॅडम, विभागात टाकलं? मंग लिनक्स का पूजेले ठेवलं का?"

शिकायला आलेली मुलंही हसली.

"मास्टर बूट रेकॉर्डमध्ये टाका," तो म्हणाला. "सारी दुनिया तिथंच टाकते. पुस्तकात तेच लिहिलं हाय."

"मी नाही टाकत."

"काहून?"

"तिथं विंडोजचं आधीपासून हाय. मी ते पुसलं अन् माह्या बाजूनं काही बिघडलं, तं दोन्ही बंद. काकाजींच्या पत्रिका कोण काढन? तुम्ही नागपुरात राह्यता."

"तं मंग नाही चालत तुमचं लिनक्स."

"चालन," मी म्हटलं. "कसं ते मले आत्ता माहीत नाही. पण चालन."

तो काकाजींकडे वळला. "भल्ली जिद्दी पोट्टी ठेवली तुम्ही."

मला तो शब्द आवडला.

घरी गेले तर सोसायटीचं सूत आलेलं. बाबांनी नवा ताना लावायला काढला होता. मी आणि माय मागाच्या दोन बाजूंना बसून धागे सांधायला लागलो. जुनं टोक, नवं टोक, चिमूटभर राख, बोटांत पीळ, पुढचा धागा. हात चालत होता आणि डोकं तुमसरच्या मशीनमध्ये. मी मायला सांगत होते, "मी विंडोजचं तसंच ठेवलं ना, ते बरोबरच केलं. पण त्याले लिनक्सचं टोक…"

आणि माझा हात थांबला. जुनं राखलं होतं मी. नवंही आणलं होतं. सांधलंच नव्हतं.

"माय, मी जोडलंच नाही ना!"

"दिसते," माय वैतागून म्हणाली. "तीन धागे सोडले तू. तुह्या मशीनचं मले नोको सांगू, इकडं पाय."

सांधायचं हे कळलं, कसं ते कळायला पुढचे काही दिवस गेले. क्लास सुरू व्हायच्या आधी मी दुकानात पोहोचायचे आणि सीडीवरची मदतीची पानं वाचायचे. इंग्रजी होती. एकेक वाक्य दोनदा, तीनदा. माझी इंग्रजी कॉन्व्हेंटची नाही, डिक्शनरीची आहे, आणि तिच्यामुळे माझं काही अडलेलं नाही. शेवटी एका पानात ते सापडलं. लिनक्सच्या विभागाच्या सुरुवातीला बूटलोडरने जे लिहिलंय त्याची हुबेहूब नक्कल एका छोट्या फायलीत काढायची. ती फाइल विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवायची. आणि विंडोज सुरू होताना जी यादी वाचते, त्या बूट डॉट आयएनआय नावाच्या फायलीत एक ओळ वाढवायची: ही फाइल म्हणजे लिनक्स. बस. विंडोज स्वतःच विचारणार, कुठे जायचं. लिनक्स म्हटलं की त्या नकलेला हाक मारणार, आणि नक्कल लिनक्सला.

सीडी लावून लिनक्सच्या दुरुस्ती पडद्यावर गेले, नक्कल काढली. त्या काळी लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर लिहिणं भरवशाचं नव्हतं, म्हणून फाइल फ्लॉपीवर घेतली. मशीन बंद केली, विंडोजमध्ये आले, फ्लॉपीवरून सी ड्राइव्हमध्ये टाकली, ओळ लिहिली. आपोआप सुरू व्हायला विंडोजच ठेवली.

पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली. मी खालचं निवडलं.

लिनक्स उघडलं.

दुकानात तेव्हा मी आणि झाडू मारणारी बाई. ती म्हणाली, "का झालं वं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "हाव."

काकाजींना काळा पडदा खपला नाही. "हे का होय? मी म्हटलं होतं ना, काळं नाही पायजे."

"काकाजी, काहीच नका दाबू. हात खाली ठेवा."

ते हात मांडीवर ठेवून बसले. क्षणभराने विंडोज आपोआप उघडली. पत्रिकेचे फॉन्ट जागेवर. काकाजींनी दोनदा करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा बायकोला बोलावून तिच्याकडून करवून घेतलं.

लगनसराईच्या मधात हार्डवेअरवाला परत आला. मशीन हळू चालतात म्हणून सगळ्या साफ करायला काकाजींनी बोलावलं होतं. तो कोपऱ्यातल्या मशीनकडे आला आणि सीडी काढून म्हणाला, "हिचं आधी डी ड्राइव्ह मोकळं करतो. फालतूचं भरलं हाय."

मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. "हिले हात नाही लावायचा."

"काकाजी, सांगा यायले."

"मी सांगतो," मी म्हटलं. रागात असले की मी पुरुषासारखीच बोलते, आमच्याकडे पुष्कळ बाया बोलतात. "काकाजी, लगनसराई सुरू झाल्यापासून ही मशीन एक दिवस तरी बंद पडली का?"

काकाजी काउंटरवरून म्हणाले, "नाही."

"एका तरी मामाचं नाव हिच्यामुळं चुकलं का?"

"नाही बा. चुकले ते माह्यामुळं चुकले."

"मंग ही साफच हाय."

हार्डवेअरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "नोकरी तुमची ना मॅडम, मशीन काकाजींची."

"म्हणूनच तं काकाजींचं काहीच हलवलं नाही मी. तुम्ही हलवून राहिले."

काकाजी त्याला म्हणाले, "राहू दे गा. बाकीच्या पाय." तो बाकीच्या मशीनकडे गेला, पण जाताना बोललाच: "भंडाऱ्यात परीक्षा घेणारे हे पाहून हसतीन."

हसले नाहीत. चिडले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी आम्ही बरेच उमेदवार होतो. बहुतेक नागपूरचे, अंगात इस्त्रीचे कपडे, हातात स्वतःच्या सीडींचं पाकीट. माझ्याकडे मासिकाच्या सीडी आणि एक फ्लॉपी. माझ्या शेजारच्या मशीनवर एक तरुण होता. त्याने भराभर काम केलं आणि बूटलोडर डिस्कच्या पहिल्या तुकड्यात टाकला. त्याच्या मशीनवर रंगीत चित्राचा देखणा पडदा आला. माझ्या मशीनवर काळा पडदा, दोन ओळी.

परीक्षक सर माझ्यामागे येऊन थांबले. "हे काय? विंडोजच्या यादीतून लिनक्स सुरू करताय?"

"हो सर."

"लिनक्सची प्रयोगशाळा आणि सुरुवात विंडोजच्या हातात? उलटं नाही का हे? मास्टर बूट रेकॉर्डमध्ये का नाही टाकलं?"

"सर, ही लॅब कोण वापरतं?"

त्यांना प्रश्न आवडला नाही, पण उत्तर दिलं. "सकाळी कॉमर्स, दुपारी सायन्स."

"म्हणजे सकाळच्यांना विंडोज, दुपारच्यांना लिनक्स. विंडोज बिघडली की कोणीतरी येऊन पुन्हा टाकणार. टाकली की पहिला तुकडा विंडोज स्वतःकडे घेणार. मग दुपारच्यांचं लिनक्स गायब, आणि बोलणी सहायकाला. सहायक मी असेन, म्हणून मी हे असं केलं."

"पुस्तकात असं लिहिलेलं नाही."

"लिहिलंय सर. सीडीवरच्या मदतीच्या पानांत आहे."

शेजारचा तरुण हळूच हसला. सर हसले नाहीत. "तुमचे वडील काय करतात?" त्यांनी मध्येच विचारलं.

"विणकर आहेत."

"आणि तुम्ही आम्हाला शिकवणार?"

"शिकवत नाही सर. विचारलं म्हणून सांगितलं. पण बदलणार नाही."

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मला ती नोकरी किती पाहिजे होती ते मलाच माहीत. "बरं सर, बदलते," म्हणायला किती सोपं होतं तेही मलाच माहीत. पण बरोबर केलेलं काम समोरच्याच्या भुवया पाहून मोडायचं, तर मग मी शिकले कशाला?

सरांनी विंडोजची सीडी मागवली. "पाहू या मग," म्हणाले. आधी शेजारच्या तरुणाच्या मशीनवर ती लावली आणि विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावरून पहिला तुकडा नव्याने लिहायचा हुकूम दिला. मशीन पुन्हा सुरू झाली: विंडोज. रंगीत पडदा गेला. तरुणाने शांतपणे आपली सीडी लावून लिनक्स परत आणलं, त्यालाही काम येत होतं. त्याचं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. एकाच माणसाची मशीन असेल तर मीही तसंच करीन.

मग ती सीडी माझ्या मशीनमध्ये गेली. तोच हुकूम. मशीन बंद, सुरू. काळा पडदा, दोन ओळी. सरांनी स्वतः खालची ओळ निवडली, लिनक्स उघडलं. पुन्हा सुरू करून वरची निवडली, विंडोज उघडली.

"यात खोट काय आहे?" त्यांनी विचारलं. आता आवाज वेगळा होता.

"बूटलोडर नव्याने बसवला तर नक्कल पुन्हा काढून ठेवावी लागते. आणि विंडोजवाल्याने पूर्ण सी ड्राइव्हच पुसला तर फाइल आणि ओळ पुन्हा टाकावी लागते. फाइल मी वेगळी जपून ठेवते. एवढंच."

"एवढंच," सर म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे गेले.

आता हे भांडण तसं उरलेलं नाही. नव्या संगणकांत प्रत्येक सिस्टीमला आपली सुरुवातीची फाइल ठेवायला सामाईक जागा असते, पहिल्या तुकड्यासाठी हाणामारी नाही. आजची मुलं मला विचारतात, "मॅडम, एवढा खटाटोप का करायच्या तुम्ही?" मी सांगते, तेव्हा तो निर्णय माणसालाच घ्यावा लागायचा, आणि मशीन त्याबद्दल फक्त एकदाच विचारायची. त्या वेळी समोर बसलेल्याला आपलं मत असावं लागतं.

भंडाऱ्याच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी नेमणूक झाली. आमच्या घरातली महिन्याच्या पगारावरची पहिली नोकरी माझी. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर मी दोन्ही सिस्टीम माझ्याच पद्धतीने बसवल्या, आणि त्या चालल्या.